रात्रीत झालेली लेणी आणि दिवसा राबलेले हात

आमच्या विहाराची सहल यंदा जानेवारीत वेरूळ-अजिंठ्याला गेली होती. लहानमोठे मिळून तेवीस जण, एक मिनी बस, दोन मुक्काम. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि मुलांसाठी शंकरपाळ्यांचा एक डबा अशी शिदोरी बरोबर घेतली होती. मुंबईहून रात्री निघालो आणि सकाळी छत्रपती संभाजीनगर जवळ आले, तोच बसमध्ये वादाला तोंड फुटले.

निमित्त झाले आमच्या भाच्याच्या मोबाईलचे. हा मुलगा अकरावीत आहे, विज्ञान शाखेला. त्याने एक चित्रफीत लावली. तीत एक गृहस्थ ठणकावून सांगत होते की, वेरूळचे कैलास लेणे माणसाला कोरणे शक्यच नाही. एवढा दगड हलवायला यंत्रे कुठे होती? तेव्हा हे काम परग्रहावरून आलेल्यांचे! भाचा म्हणाला, "मामा, यात तथ्य असेल का हो?"

मागच्या बाकावरून एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या गावाकडे तर म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरली. कोंबडा आरवला म्हणून काही अर्धी राहिली." विहारात रविवारी मुलांचे वर्ग घेणारे निवृत्त सर म्हणाले, "परग्रहवासी नाहीत आणि पांडवही नाहीत. राजांनी कोरली." सगळ्यांच्या पुढे खिडकीशी बसलेल्या आत्या मात्र गप्प होत्या. वय सत्तरीच्या पुढे. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्यांना या विषयात कुणी काही विचारले नाही. विचारायला हवे होते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

दौलताबादला थांबलो

वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. तिथे बस थांबवायची असे आम्ही आधीच ठरवले होते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसएक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ही मंडळी दौलताबादला उतरली. प्रवासाने अंग धुळीने माखले होते म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून गर्दी जमली, हौद बाटवला असा गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहू दिला तो एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

आम्ही दारापाशी पाच मिनिटे शांत उभे राहिलो. लहान मुलांना प्रसंग सांगितला. आमच्यातील एका मुलीने पाण्याची बाटली काढून सर्वांना घोटघोट पाणी दिले. कुणी तिला तसे सांगितले नव्हते.

वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या त्या माणसाला वाटेत पाणी शिवू दिले नाही. त्या लेण्यांचा दगड फोडणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न तिथूनच आमच्या मनात घर करून बसला.

कैलासाचा हिशेब

वेरूळला एकूण चौतीस लेणी गणली जातात. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. युनेस्कोने १९८३ साली त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकातले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते मुख्यतः झाले असे मानतात.

अंगणात पाऊल टाकले की माणूस दबकतो, हे कबूल केले पाहिजे. अंगणाची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट, आणि मागचा कडा उभा १०७ फूट. मधले मंदिर, हत्ती, स्तंभ सगळे एकाच खडकात. जोडकाम नाही. भाचा वर पाहत म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

सरांनी पिशवीतून वही काढली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या कामाचा अंदाज मांडून ठेवला आहे. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक फोडू शकतो असे धरले, तर अडीचशे मजुरांना कैलासासाठी साडेपाच वर्षे पुरतात. सरांनी मुलांना गोल बसवून गुणाकार करायला लावला. अडीचशे गुणिले चार, म्हणजे दिवसाला हजार घनफूट. साडेपाच वर्षांचे दिवस साधारण दोन हजार. म्हणजे वीस लाख घनफूट खडक! नक्षीकामाच्या बारकाव्याला वेळ लागला असेल तो वेगळा. पण डोंगर फोडण्याचे कोडे असे साध्या गुणाकारात बसते.

चार घनफूट म्हणजे किती? दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट जाड असा दगड. आपल्या काळ्या पत्थराचे वजन धरले तर तीनशे किलोच्या वर. ऐकायला जास्त वाटते. तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलल्या.

"बहात्तरच्या दुस्काळात आमी खडी फोडली. सतरा वर्साची व्हते मी. समदं गाव रस्त्याच्या कामावर. दगूड काय एकदम उचलायचा नस्तो पोरा, त्याला बारीक करीत आनायचं असतंय. शीर सापडली की दगूड सोताच वाट देतो."

मुले हसली नाहीत. भाच्याने मोबाईल खिशात घातला.

काम रात्रीच का होते?

दुपारी दहाव्या लेण्यात बसलो. वेरूळच्या बौद्ध लेण्यांतले हे एकमेव चैत्यगृह. आत स्तूपाला टेकून बसलेली बुद्धमूर्ती आहे. त्रिसरण-पंचशील म्हटले. छताकडे पाहिले तर लाकडी वाश्यांसारख्या कमानी, पण दगडात कोरलेल्या. म्हणूनच लोक या लेण्याला पूर्वापार 'सुताराची झोपडी' म्हणतात. पंडितांनी काहीही नाव ठेवो, लोकांच्या तोंडी कारागीर टिकून राहिला!

तिथे जेवणानंतर पुन्हा तोच विषय निघाला. सरांनी जगातल्या अशा ठिकाणांच्या गोष्टी सांगितल्या. आफ्रिकेत इथिओपिया देशात लालिबेला नावाचे गाव आहे. तिथे अखंड खडकात कोरलेली अकरा ख्रिस्ती मंदिरे आहेत. जमिनीच्या पातळीवरून खाली खाली कोरत नेलेली. तिथली दंतकथा अशी की, दिवसा माणसे काम करीत आणि रात्री देवदूत येऊन ते पुढे नेत. आपल्याकडे पांडवांची रात्र, त्यांच्याकडे देवदूतांची रात्र. आणि १९६८ साली एरिक फॉन डेनिकन यांच्या पुस्तकाने परग्रहवासीयांची कल्पना जगभर पसरवली. त्या विचाराची पुस्तके मराठीतही आवडीने वाचली गेली. आज तीच गोष्ट मोबाईलवर आली आहे.

या सगळ्या गोष्टींत काम रात्री का होते, याचा विचार आम्ही करू लागलो. रात्री काम झाले असे म्हटले की कुणी पाहिलेले नसते. घामाचा प्रश्न येत नाही, मजुरीचा येत नाही. सकाळी उठून पाहावे तो लेणे तयार! दिवसाउजेडी राबलेले हात तेवढे गोष्टीतून गळून जातात. ही चलाखी कुणी मुद्दाम केली असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम तोच होतो.

आणि आणखी एक गोष्ट. युरोपातल्या मोठमोठ्या चर्चविषयी असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ती गवंड्यांनी बांधली हे सगळे मान्य करतात. मिसर, इथिओपिया, हिंदुस्थान इथल्या माणसांनी काही केले की मात्र म्हणे बाहेरून कुणीतरी आले असले पाहिजे! गोरगरिबाच्या पोराने परीक्षेत पहिला नंबर काढला तर 'कॉपी केली असेल' म्हणणारे आपण पाहिले आहेत. हा त्यातलाच प्रकार.

सरांनी मिसरचेही उदाहरण दिले. तिथे आस्वानच्या खाणीत एक प्रचंड पाषाणस्तंभ अर्धवट पडून आहे. सुमारे ४२ मीटर लांब, वजन हजार टनांच्या वर. कोरता कोरता त्याला तडा गेला आणि काम सोडून द्यावे लागले. तो पुरा झाला असता तर तो कसा केला याचे रहस्य झाले असते. अपुरा राहिला म्हणून उलगडा झाला. भोवतीच्या चरांत ग्रॅनाईटवर ठोकून ठोकून पडलेले खळगे ओळीने दिसतात, आणि ज्यांनी ठोकले ते डोलेराईट या कठीण दगडाचे गोटेही तिथे सापडले. दगडाने दगड झिजवण्याचे हे काम माणसांनी आळीपाळीने, महिनोन्‌महिने केलेले.

"मग आपल्याकडे असे अर्धवट राहिलेले काही आहे का?" भाच्याने विचारले.

"उद्या दाखवतो," सर म्हणाले.

अजिंठ्याची अपुरी लेणी

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अजिंठा गाठला. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवावी लागते. तिथून पुढे लेण्यांपर्यंत वेगळ्या बसने नेतात. पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते. आत्यांचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही डोली ठरवू लागलो. आत्या म्हणाल्या, "मानसाच्या खांद्यावर न्हाई बसायचं मला." आणि काठी टेकत, बसत-उठत त्या चालू लागल्या.

वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आणि त्या कड्यात तीस लेणी. दोन खेपांत झालेली. पहिली इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, नववे आणि दहावे चैत्यगृह त्यांतले. दुसरी खेप पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दिले. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करविले, त्यातच तथागतांच्या महापरिनिर्वाणाची ती भव्य मूर्ती आहे.

लोक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यांतली चित्रे पाहतात आणि परततात. ती पाहावीतच. पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर आमच्याही डोळ्यांत पाणी आले. पण आम्ही या खेपेला मुद्दाम, ज्यांना कुणी विचारत नाही त्या लेण्यांपाशी थांबलो.

तिसरे लेणे. कुणीतरी आरंभ केला आणि तिथेच सोडला. पाचवे लेणे. दाराची चौकट सुरेख कोरलेली आणि आत पाहावे तर काम जेमतेम सुरू झालेले! घर बांधताना पैसा संपलेल्या माणसासारखी गत. चौथे लेणे इथले सर्वांत मोठे विहार. तिथे छताच्या खडकाचा थर कच्चा निघाला आणि निसटला. मग छत आणखी वर कोरून घ्यावे लागले. सह्याद्रीचा हा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेला. मध्येच एखादा थर पोकळ, एखादा लालसर आणि ठिसूळ. कोरणाऱ्यांना आतून काय निघेल हे आधी कसे कळणार?

सरांनी हे समजावले तेव्हा आत्या हसल्या. म्हणाल्या, "वरल्या ग्रहावरचे शानेसुरते लोक आले असते, तर चुकले कशाला असते? चुकतंय ते मानूस."

एवढ्या एका वाक्याने आमच्या भाच्याची सगळी चित्रफीत निकालात निघाली.

चालत चालत चोविसाव्या लेण्यापाशी आलो. हे पुरे झाले असते तर चौथ्याच्या खालोखाल मोठे विहार ठरले असते. आत वीस खांबांचा चौक योजलेला होता. पण ते अपुरे राहिले, आणि त्यामुळेच कारागिरांची रीत उघडी पडली. आधी दर्शनी कड्यातून सरळ आत लांब लांब बोळ खोदत न्यायचे. दोन बोळांच्या मध्ये खडकाची भिंत शिल्लक राहते. मग त्या भिंती फोडायच्या, जिथे खांब हवेत तेवढा खडक मात्र राखायचा. म्हणजे खांब उभा करायचा नसतो, खांब वाचवायचा असतो. भोवतीचा नको तो दगड गेला की खांब राहतो.

छत आधी, जमीन शेवटी. वरून खाली यायचे. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही. ज्या दगडावर उभे राहून काम चालते तोच पुढे फोडायचा असतो. फुटलेला दगड उतारावरून खाली लोटून देता येतो. एकोणतिसावे लेणे वर उंचावर आहे, तिथे जाता येत नाही. ते चैत्यगृह व्हायचे होते, पण वरच्या भागातच काम थांबले. तेही हीच रीत सांगते. कैलास असेच वरून खाली आले. आपल्याकडे कैलासाविषयी एक जुनी मराठी कथाही आहे. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे व्रत घेतले, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कळसापासून काम सुरू करून आठवड्यात शिखर दाखवले. आठवडा ही कथेची थाप आहे. पण 'वरून सुरुवात' ही गोष्ट त्या कथेने बरोबर जपली, आणि कारागिराचे नावही.

आत्या भिंतीजवळ गेल्या. हात लावायला मनाई आहे, म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि डोळे जवळ नेऊन पाहिले. भिंतीभर तिरक्या रेघा, टोचे, खड्डे. मग त्या आम्हाला शिकवू लागल्या. इथे घाव एकाच बाजूने पडले आहेत, म्हणजे माणूस या अंगाने उभा होता. इथे रेघा लांब आहेत, म्हणजे दगड मऊ लागला. इथे बारीक टोचे आहेत, म्हणजे दगडाने हट्ट धरला. आणि पलीकडे हात बदललेला दिसतो, तो दुसरा माणूस.

"पाट्याला टाकी लावत्यात बगा बाया," त्या म्हणाल्या, "तसं टोचून ठिवलंय ह्ये."

सर म्हणाले, "आत्या, अगदी बरोबर. चित्रे काढायच्या भिंती अशाच खरबरीत ठेवत. त्यावर मातीचा गिलावा बसायचा. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही." दारोदार फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावणाऱ्या बाया आम्ही लहानपणी सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. ती विद्या आणि अजिंठ्याची भिंत यांचा संबंध आम्हाला कधी सुचला नव्हता.

आत्या आणखी एक बोलल्या. "फोडनाऱ्यापरीस लोव्हार जास्ती लागला आसंल." खरे आहे. या काळ्या पत्थरावर छिन्नी किती वेळ टिकणार? बोथट झालेली छिन्नी तापवायची, ठोकायची, धार काढायची, पाणी पाजायचे आणि परत द्यायची. म्हणजे लेण्याच्या आसपास भाता पेटलेला असणार, कोळसा आणणारे असणार, पाणी वाहणारे असणार, भाकरी थापणाऱ्या असणार. एका खांबामागे एवढे मोठे गाव उभे असते.

काम का थांबले? अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आपले आयुष्य अजिंठ्याच्या अभ्यासात घालवले. हरिषेणाच्या मृत्यूनंतर दान देणाऱ्यांचा आधार तुटला आणि काही वर्षांतच छिन्न्या थांबल्या, असे त्यांचे मत होते. राज्य कोसळले की आधी कुणाची रोजी जाते हे आपल्याला सांगायला नको.

नावे कुणाची राहिली?

दहाव्या लेण्यात एका खांबावर एक नाव खरडलेले आहे. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला, त्याला लेणी दिसली आणि तेव्हापासून बाहेरच्या जगाला अजिंठा कळला. शिकारीला आलेल्या माणसाने आपले नाव खांबावर कोरून ठेवले. ज्याने तो खांब डोंगरातून राखून काढला त्याचे नाव तिथे नाही.

हे मनाला लागले. परतीच्या वाटेवर आम्ही सरांना विचारले, की कारागिरांची नावे कुठेच नाहीत का? सर म्हणाले, आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

कर्जतजवळच्या कोंदाण्याला, ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, असा तिचा अर्थ. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षाच्या हातावर लिहिले आहे की हा कान्हदास सोनाराने घडवला. दागिने घडवणारा हात दगडावर चालला! कार्ल्याच्या चैत्यगृहात, धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केल्याची नोंद आहे. त्याच कार्ल्याच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे होऊनही जागेवर आहेत. आणि कान्हेरीच्या मोठ्या चैत्याच्या लेखात दात्यांबरोबर 'सेलवढकी' म्हणजे दगडाचे सुतार यांचा उल्लेख आहे, आणि घोटाई करणारा खदरखित याचे नाव आहे.

दगडाचे सुतार! हा शब्द आम्ही बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. सुतारांनी लाकडाची घरे बांधली, मग तीच विद्या दगडात उतरवली. म्हणूनच दगडात गरज नसताना वासे कोरले आहेत. वेरूळच्या 'सुताराच्या झोपडी'चे कोडे इथे सुटते.

बालक, कान्हदास, सामी, खदरखित. ही नावे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतली. हे लोक आमच्या जातीचे होते, आमचे थेट पूर्वज होते असा दावा आम्ही करत नाही. तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोलायचे तर मग पांडवांच्या गोष्टीत आणि आपल्यात फरक काय? एवढे मात्र पुराव्याने सांगता येते, की व्यापारी, भिक्खू, राजे यांच्या नावांच्या ओळीत संघाच्या लेण्यांनी सुताराचे, सोनाराचे, घोटाई करणाऱ्याचे नाव दगडावर बसू दिले. त्याच कान्हेरीत पाण्याची टाकी कोरून दान दिल्याचे लेखही आहेत. कुणीतरी खडक फोडून पाणी साठवले आणि ते दान म्हणून खुले केले. ज्या वाटेवर १९३४ साली पाण्यासाठी अपमान झाला, त्या वाटेच्या टोकाला ही लेणी उभी आहेत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बस मुंबईच्या दिशेने लागली तेव्हा भाचा आत्यांच्या शेजारी जाऊन बसला. वही घेऊन विचारत होता, घण केवढा असतो, सुतकी कशी धरतात, शीर कशी ओळखायची, दिवसाला किती मजुरी मिळायची. आत्या सांगत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पन्नास वर्सं झाली, कुनी इचारलंच न्हाई."

आमच्या सहलीची मिळकत हीच. आपल्या घरात, वस्तीत खडी फोडलेली, विहिरी खणलेली, गवंड्याच्या हाताखाली राबलेली वडीलधारी माणसे आहेत. त्यांना लेण्यांत बरोबर न्या. मार्गदर्शकाला विचारण्याआधी त्यांना विचारा, आणि ती सांगतील ते लिहून घ्या. दगडावर नाव कोरणे आपल्या हाती नाही. वहीत लिहिणे आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटर, जळगाव स्टेशनहून साठएक. वेरूळ संभाजीनगरपासून तीस किलोमीटर. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. त्याप्रमाणे दिवस ठरवावेत. अजिंठ्याला चालणे पुष्कळ आहे, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी काठी, सर्वांसाठी पाणी आणि साधी चप्पल घ्यावी, कारण चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. बारीक विजेरी असू द्या, पण चित्रांवर तिचा झोत टाकू नका. भिंतींना हात लावू नका. आणि खांबावर नाव तर मुळीच लिहू नका. तिथे ज्यांचे नाव असायला हवे होते त्यांचे नाही, मग आपले कशाला?

पुढच्या सहलीला आम्ही कोंदाण्याला जाणार आहोत, बालकाची ती एक ओळ पाहायला. कर्जतहून पुढे डोंगर चढावा लागतो. आत्यांनी आत्तापासून काठीला नवे रबर बसवून घेतले आहे.